युद्ध जिंकलं, पण राहायचं कुठे? १९४५ नंतरचं इंग्लंड आणि एका नव्या जोडप्याचा संसार

कावेरी_नॉटिंगहॅम

नमस्कार मंडळी,

इथे दुसऱ्या महायुद्धावर धागे निघतात त्यात विमानं, रणगाडे, चर्चिल, हिटलर सगळं असतं आणि मे १९४५ मध्ये लंडनच्या रस्त्यावर लोक नाचले की धागा संपतो. मला प्रश्न पडतो की त्या नाचणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून काय केलं. राजे-मंत्री नव्हे, साधं पंचविशीतलं जोडपं. बेचाळीस साली नवऱ्याला थोडी रजा मिळाली तेवढ्यात लग्न उरकलेलं, मग तो तीन वर्षं इजिप्तमध्ये नाहीतर ब्रह्मदेशात, आणि आता सरकारी सूट घालून (फौजेतून सुटताना प्रत्येकाला सूट, हॅट, बूट असा जोड फुकट मिळायचा) दारात उभा. पोरगं असलंच तर ते हा कोण माणूस म्हणून आईच्या मागे लपतंय. नवरा-बायकोचीच नीट ओळख नाही तर पोराचं काय घेऊन बसलात. १९४७ या एका वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये साठ हजारांच्या आसपास घटस्फोट झाले. आणि ज्यांचं जमलं त्यांच्या घरी त्याच वर्षी ८ लाख ८१ हजार बाळं जन्मली!

गंमत म्हणजे सरकारला तेव्हा काळजी उलटीच होती, की लोकांना पोरंच नकोत. तीसच्या दशकात जन्मदर इतका घसरला की त्यावर रॉयल कमिशन बसवलं. त्याच काळजीतून एक भन्नाट पाहणी झाली. जेम्स डग्लस नावाच्या डॉक्टरने ठरवलं की ३ ते ९ मार्च १९४६ या आठवड्यात इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या आईला गाठायचं. बाळ दोन महिन्यांचं झालं की हेल्थ व्हिजिटर बाई घरी जाणार आणि विचारणार की बाळंतपण कुठे झालं, कळा सोसवाव्यात म्हणून काही दिलं का, बाळाच्या गाडीवर, कपड्यांवर, तुमच्या स्वतःच्या कपड्यांवर किती पैसे गेले. १३,६८७ आयांनी उत्तरं दिली. त्यातली ५,३६२ बाळं निवडून पुढे आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला, शाळा, नोकरी, गुडघेदुखी, सगळं. ती मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत.

मला यातून जे दिसतं ते असं की तरुण संसारासाठी शांतता ही युद्धापेक्षा जास्त काटकसरीची निघाली. ब्रेडचंच बघा. अख्खं युद्ध संपेपर्यंत ब्रेडवर रेशन नव्हतं, ते लागलं २१ जुलै १९४६ ला, जिंकून वर्ष उलटल्यावर, आणि दोन वर्षं टिकलं. पुढच्या हिवाळ्यांत बटाट्यावरही बंधनं आली. कपड्यांची कुपनं १९४९ पर्यंत, चहा १९५२ पर्यंत, मटण-बेकन ४ जुलै १९५४ पर्यंत. म्हणजे १९४६ ला जन्मलेलं पोर आठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या आईच्या पर्समध्ये रेशनचं पुस्तक होतंच. चहाची पावडर माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे आपले ५७ ग्रॅम. पुणेकरांनी एकदा आठवडाभर जगून दाखवा एवढ्यात.

पण त्याच टंचाईत एक गोष्ट अशी की जे काही होतं ते आधी बाळाकडे जायचं. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल यांना हिरवं पुस्तक. त्यावर दूध, संत्र्याचा घट्ट रस आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल. हिरवं पुस्तक दाखवलं की दुकानात संत्री आलेली असली तर आधी तुमचा नंबर. १९४६ पासून शाळेत रोज पाव लिटरपेक्षा थोडं कमी दूध फुकट. आणि ६ ऑगस्ट १९४६, मंगळवार, पोस्टातून पहिला फॅमिली अलाउन्स, दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग. पहिल्याला काही नाही. तेव्हा कारखान्यातल्या पुरुषाची कमाई आठवड्याला सहा पौंडांच्या आसपास (२० शिलिंगांचा एक पौंड), त्यामुळे रक्कम काही फार मोठी नाही. पण ती आईच्या हातात मिळायची. मूळ विधेयकात बापाला द्यायचं होतं. एलिनॉर रॅथबोन या खासदार बाईंनी पंचवीसेक वर्षं हा विषय लावून धरला होता, त्यांनी संसदेत असा काही हट्ट धरला की सरकारला ते बदलावं लागलं. बाई जानेवारी १९४६ ला गेल्या, पहिला हप्ता वाटताना बघायला राहिल्या नाहीत.

तर इथे यूकेतले बरेच जण आहेत, कोणी शेजारच्या आज्या-आजोबांकडून ऐकलं असेल, कोणाच्या घरचे पन्नासच्या दशकात इथे आले असतील. लिहा. घर, पाळणा, धुणं, दवाखाना, काहीही.

टवाळ_कार्टं

लेख झकास. पण राहायला घर नव्हतं म्हणता मग हे जोडपं राहिलं कुठे? आईबापाकडे? म्हणजे अख्खं इंग्लंड घरजावयांनी भरलेलं होतं की काय :D

कावेरी_नॉटिंगहॅम

टवाळा, चेष्टा नाही, खरंच तसं होतं. बॉम्बमध्ये लाखो घरं पडलेली किंवा राहण्यालायक उरलेली नाहीत, सहा वर्षं नवीन बांधकाम जवळजवळ बंद, आणि लग्नं तर धडाक्यात झालेली. मग वरची एक खोली लेक-जावयाला. आणि बहुतेक वेळा मुलीच्याच आईकडे, मुलाच्या नव्हे. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात पन्नासच्या दशकात समाजशास्त्रज्ञांनी घरोघरी जाऊन अभ्यास केला त्यात दिसलं की लग्न झाल्यावर मुलीचा मुक्काम आईच्या आसपासच. रोज उठून आईकडे चक्कर, पोरं आजीकडे, बाजार आईबरोबर. भाड्याचं घर मिळवायचं तरी आईच भाडं गोळा करायला येणाऱ्या माणसाला सांगून ठेवणार, माझ्या लेकीचं बघा हो, मी इतकी वर्षं वेळेवर भाडं देते. म्हणजे वशिला माहेरचा!

आपल्याकडच्या सासुरवासाच्या कथा उलट्या करून वाचायच्या. इंग्लिश विनोदात सासूची टिंगल म्हणजे नेहमी बायकोच्या आईची का असते ते इथे कळतं. बिचारा तीन वर्षं वाळवंटात लढून आला आणि इथे येऊन सासूच्या न्हाणीघराच्या वेळा पाळतोय. न्हाणीघर म्हणजे तरी काय, बऱ्याच घरांत पत्र्याचा टब, शनिवारी रात्री चुलीपुढे ठेवायचा आणि एकामागून एक सगळ्यांनी त्याच पाण्यात.

मी_पुन्हा_आले

वाचतेय. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

डॉ_फुरसत

कावेरीताई, उत्तम विषय. बाळंतपणाबद्दल थोडं लिहितो.

तेव्हा जवळजवळ निम्मी बाळंतपणं घरीच व्हायची. सुईण सायकलवरून येणार, बॅग पुढे टोपलीत. घरच्यांनी आधीच जुनी वर्तमानपत्रं आणि खाकी कागद साठवून ठेवायचे, गादी खराब होऊ नये म्हणून. भरपूर पाणी उकळायचं काम नवऱ्याकडे, यातला निम्मा हेतू त्याला खोलीबाहेर ठेवणे हा असावा असं माझं मत. कळांसाठी गॅस आणि हवा यांचं मिश्रण देणारं यंत्र होतं, पण ते वापरायचं शिक्षण घेतलेल्या सुइणी कमी आणि यंत्रही जड, त्यामुळे घरी बाळंत होणाऱ्या फारच थोड्यांना ते मिळालं. ही गोष्ट त्या १९४६ च्या पाहणीनेच उजेडात आणली. १९४९ मध्ये थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या खासदाराने प्रत्येक बाईला हे मिळावं म्हणून विधेयक आणलं, ते पडलं. नंतर मात्र हळूहळू यंत्रं आणि शिकलेल्या सुइणी वाढल्या.

बाळंतीण दहा ते चौदा दिवस अंथरुणातच. पाय खाली ठेवायचा नाही. आज आपण दुसऱ्या दिवशी चालायला लावतो.

आता खरा मुद्दा, ५ जुलै १९४८. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलमध्ये गेला आणि एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. त्याआधी काय होतं हे लोकांना माहीत नसतं. १९११ च्या कायद्याने कामगाराचा विमा होता, पण तो फक्त कामगाराचा. बायको आणि पोरं त्यात नाहीत! म्हणजे नवऱ्याला खोकला झाला तर डॉक्टर, बायकोचं अंग बाहेर आलं तर ती तशीच दहा वर्षं काढणार, कारण फी कुठून द्यायची आणि पोरांच्या बुटांचं काय. योजना सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे अशा बायकांची रीघ लागली, वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन. चष्म्यांचं तर विचारू नका, पहिल्या वर्षातच पन्नास लाखांवर गेले. लोक तोवर वूलवर्थच्या दुकानात ढिगातून डोळ्याला लावून बघून चष्मा उचलायचे.

बाळंतपणात आई दगावण्याचं प्रमाण तीसच्या दशकात हजारी चारच्या आसपास होतं, १९५० ला एकाच्याही खाली. याचं श्रेय सगळं एनएचएसचं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, सल्फा औषधं, पेनिसिलीन, रक्तपेढ्या हे आधीच आलं होतं.

गणूचा_बाप

माहिती छान आहे, पण एक सांगा, या बिचाऱ्या जोडप्याची कणव करायची तर १९४३ चं बंगाल कुठे बसवायचं? तिकडे दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. यांना साखर ८ औंस मिळाली म्हणून आपण हळहळायचं? आणि युद्धाच्या शेवटी लंडन आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं, आपला माल आणि आपले सैनिक उधारीवर वापरून. त्या संत्र्याच्या रसात आपला पण वाटा आहे हे विसरू नका.

अर्धा_चहा

आली काडी. धाग्याचं काश्मीर होणार आता.

कावेरी_नॉटिंगहॅम

गणूचे बाबा, मुद्दा रास्त आहे आणि तो धाग्यात हवाच. कणव करा असं मी म्हटलेलं नाही, कसे जगले ते बघूया इतकंच. पण एक धागा जोडते: १९४६ ची ब्रेडची कुपनं आली तेव्हा जगभर गव्हाची टंचाई होती आणि जर्मनीतला ब्रिटिशांच्या ताब्यातला भाग आणि हिंदुस्थान दोन्हीकडे धान्य पोचवायचं होतं, हे त्यामागचं एक कारण होतं. लीड्सच्या बाईला ब्रेड मोजून मिळण्यात मुंबई-मद्रासच्या रेशन दुकानाचा संबंध होता. ४३ ला हे सुचलं नाही, ४६ ला सुचलं, यावर कोणाला चिडायचं असेल तर मीही सोबत आहे.

अर्धा_चहा

त्यात भर: ब्रिटन तेव्हा अक्षरशः कफल्लक झालेला होता. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, ते फिटलं २००६ मध्ये. चांगला माल सगळा निर्यातीला. चिनी मातीची फुलाफुलांची कपबशी परदेशी, घरच्यांना पांढरी साधी. मोटारी परदेशी. फर्निचर सरकारी नमुन्याचं, नवीन लग्न झालेल्यांना आणि बॉम्बमध्ये घर गेलेल्यांना आधी. दोन खुर्च्या घ्यायच्या की कपाट याचा हिशोब नोटांनी नाही, कुपनांनी.

संपादक मंडळ

बंगाल आणि स्टर्लिंग येणी (ब्रिटनकडची आपली पौंडांतली थकबाकी) यावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. इथे मूळ विषयावर.

सुगरण_नव्हे

मला सांगा त्या स्वयंपाक काय करायच्या? आठवड्याला एक अंडं आणि ५० ग्रॅम लोणी यात लहान पोराला भरवायचं काय?

कावेरी_नॉटिंगहॅम

अंड्याची पावडर! अमेरिकेहून डबे यायचे, पाण्यात कालवून ऑम्लेट नावाचा चामड्याचा तुकडा करायचा. ज्यांचं बालपण त्यात गेलं ते अजून आवडीने आठवण काढतात. बाळांसाठी सरकारी दूध पावडरचे मोठे डबे, नंतर त्या डब्यांत खिळे, बटणं, लोकरीचे गुंडे. इथल्या जुन्या गॅरेजमध्ये तसा डबा हमखास सापडतो. घराघरात कोंबड्या आणि परसात कोबी.

माशावर रेशन नव्हतं म्हणून सरकारने १९४७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेहून स्नूक नावाच्या माशाचे लाखो डबे आणले, वर पाककृती छापून वाटल्या. लोकांनी तोंड लावलं नाही. शेवटी मांजरांना गेला म्हणतात. व्हेलचं मटण पण आणून बघितलं, त्याचीही तीच गत.

आणि केळी! युद्धात केळी येणं बंद होतं. पहिलं जहाज एव्हनमाउथला लागलं ते १९४५ डिसेंबरच्या अगदी शेवटी, आणि ती केळी फक्त लहान मुलांसाठी. पाच वर्षांच्या पोराने आयुष्यात केळं बघितलेलं नाही, सालीसकट चावणारी पोरं होती. एका नामवंत कादंबरीकाराच्या घरी तीन पोरांच्या वाट्याची तीन केळी आली, बापाने पोरांसमोर बसून तिन्ही सोलली, त्यावर साय आणि साखर घातली आणि एकट्याने खाल्ली. मुलाने मोठेपणी लिहून ठेवलंय की त्यानंतर बापाबद्दल माझं मत बदललं ते कायमचं.

टवाळ_कार्टं

बाप हो तर असा.

सुगरण_नव्हे

अरे देवा :( साय आणि साखर पण पोरांचीच असणार त्यातली.

बर्मिंगहॅमची_नात

माझे आजी-आजोबा १९५६ ला सोलापूरहून इथे आले, आजोबा हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर. म्हणजे तुमच्या काळाच्या थोडं नंतर, रेशन संपलेलं होतं पण बाकी बरंचसं तेच. खोली शोधताना खिडकीत काळ्यांना जागा नाही अशा पाट्या असायच्या, आजी म्हणायची की तुझे आजोबा पाटी वाचून पुढे जायचे आणि मला सांगायचे ही खोली दमट आहे. शेवटी एका विधवा बाईंनी वरची खोली दिली. गॅसचा मीटर खोलीत, त्यात शिलिंगचं नाणं टाकायचं तेवढा वेळ गॅस. वरण शिजत आलं की फुस्स. मग आजोबांच्या खिशात नाणं शोधायचं. तुरीची डाळ, हिंग कोणी लंडनहून आणलं तर, नाहीतर पिवळे वाटाणे भिजवून त्याचंच वरण. लंडनला महाराष्ट्र मंडळ होतं (१९३२ सालचं, न. चिं. केळकरांनी सुरू केलेलं) पण रेल्वेचं तिकीट काढून गणपतीला जाणं म्हणजे चैन.

मामा झाला १९५७ ला. आणि इथे ते तुमचं हिरवं पुस्तक गेलं तरी क्लिनिकमधला संत्र्याचा रस आणि ते माशाचं तेल चालूच होतं. आजी कट्टर शाकाहारी, कांदा पण चतुर्थीला नाही. नर्सने चमचा आणि बाटली दिली, वास आला, आजीला कळलं हे काय आहे. घरी येऊन रडली. आजोबा म्हणाले औषध आहे, औषधाला सोवळं नसतं. मग ती मामाला रोज चमचाभर तेल पाजायची आणि नंतर तो चमचा वेगळ्या डब्यात खिडकीबाहेर. तो चमचा कधी घरात आला नाही. मामा सव्वासहा फूट झाला, त्याचं श्रेय मात्र ती वरणाला द्यायची.

दुसरं तिला कधीच न पटलेलं म्हणजे बाळाला गाडीत घालून बाहेर अंगणात झोपवायचं, थंडीतसुद्धा. हवा लागली पाहिजे म्हणे. दुकानाबाहेर गाड्यांची रांग, आत आया ओळीत उभ्या, बाहेर पोरं एकटी. आजी मामाला शालीत बांधून आत न्यायची आणि सगळ्या बायका हिच्याकडे बघायच्या.

डॉ_फुरसत

चमचा खिडकीबाहेर, दंडवत आजींना! ते तेल ड जीवनसत्त्वासाठी, धुराड्यांच्या गावांत ऊन नाही म्हणून पोरांना मुडदूस व्हायचा. इथे येणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांत तर जास्तच, त्यामुळे आजोबा बरोबर होते.

जुनं_खोड

गाडीवरून आठवलं, इंग्लंडात बाळ जन्मायच्या आधी गाडी घरात आणायची नाही, अपशकुन. पैसे भरून दुकानातच ठेवायची. आपल्याकडे पण आधी काही आणत नाहीत तसंच. आणि बाळंतीण चर्चमध्ये जाऊन आशीर्वाद घेऊन येईपर्यंत लोक तिला घरात घ्यायचे नाहीत, लंडनच्या कामगार वस्तीत पन्नासच्या दशकापर्यंत हे पाळायचे. म्हणजे सोयर त्यांनाही होतं. उगाच आपणच मागासलेले असं नाही.

रिटायर्ड_पीडब्ल्यूडी

नव्या सरकारी घरांविषयी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९४५ ते ४९ मध्ये सरकारने १ लाख ५६ हजारांवर तयार घरं उभी केली, त्यांना प्रीफॅब म्हणत. लढाऊ विमानं करणाऱ्या कारखान्यांकडे काम नव्हतं, ॲल्युमिनियम पडून होतं, त्याच कारखान्यांत ॲल्युमिनियमची घरं तयार करून चार ट्रकवर चार तुकडे आणून जोडायची. बाकी नमुने पोलादी सांगाड्याचे, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे. काही ठिकाणी पाया घालायला जर्मन आणि इटालियन युद्धकैदी. दोन बेडरूम, आत न्हाणीघर, आत संडास, गरम पाणी, आणि स्वयंपाकघरात फ्रिज. १९४६ ला फ्रिज!! तेव्हा इंग्लंडात बऱ्यापैकी पैसेवाल्यांकडे पण नसायचा. जी बाई काल आईच्या घरी अंगणापलीकडच्या संडासात मेणबत्ती घेऊन जात होती ती आज किल्ली फिरवून यात शिरली. आयुष्य दहा वर्षं धरलं होतं, कित्येक ठिकाणी पन्नास-साठ वर्षं लोक त्यातून हलायला तयार नव्हते. आमच्या खात्याने दहा वर्षांसाठी बांधलेलं काही दहा वर्षं टिकलं असतं तरी मी पेढे वाटले असते.

ज्यांना हे पण मिळालं नाही त्यांनी १९४६ च्या उन्हाळ्यात सरळ रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसून बिऱ्हाडं मांडली. पोरंबाळं, गाद्या, हातगाड्या घेऊन. हजारो लोक. सरकारला हुसकता आलं नाही, शेवटी नगरपालिकांनीच पाणी-वीज देऊन भाडं घ्यायला सुरुवात केली.

मी_पुन्हा_आले

आता मी बोलते. हे सगळं आईसाठी आईसाठी ऐकायला गोड वाटतं पण युद्धात याच बायका विमानं बनवत होत्या, त्यांच्या पोरांसाठी सरकारने पाळणाघरं काढली होती, आणि युद्ध संपताच केंद्राने पैसे आखडते घेतले आणि एकेक पाळणाघर बंद. पुरुष परत आले, तुम्ही घरी जा. मग १९५१ ला बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञ साहेबांचा अहवाल, आईपासून दूर राहिलेल्या मुलाचं नुकसान होतं. तो मुळात अनाथ, बेघर मुलांबद्दल होता पण लोकांनी काय ऐकलं, तर आईने चार तास कामाला गेलं तरी पाप.

कावेरी_नॉटिंगहॅम

+१, आणि ढोंग बघ, १९४७ ला कापड गिरण्यांना माणसं कमी पडली तेव्हा तेच सरकार पोस्टर लावून बायकांना परत या म्हणत होतं. पण शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी जायची तो नियम १९४४ च्या कायद्याने गेला आणि सरकारी नोकरीतला १९४६ ला, हेही त्याच वर्षांत. एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्याने पाळणाघर बंद केलं.

आणि घरी राहायचं म्हणजे काय ते धुण्यावरून सांगते, कारण दुपटी धुणं हीच त्या संसाराची खरी नोकरी होती. सोमवार धुण्याचा. पहाटे उठून कॉपर नावाचा मोठा हंडा पेटवायचा, त्यात जाड टॉवेलच्या कापडाची दुपटी उकळायची, धुण्याचा सोडा, मग लाकडी दांडक्याने ढवळायची, मग दोनतीनदा खळबळायची, शेवटच्या पाण्यात नीळ (हल गावच्या रेकिट कंपनीची, आपल्याकडची रॉबिन त्यांचीच), मग मँगलमधून काढायची. मँगल म्हणजे दोन लाकडी रूळ आणि बाजूला दांडा, रसवंतीच्या चरकात ऊस घालतात तसं दुपटं घालायचं, बोटं सांभाळून. साबणावर १९५० पर्यंत रेशन, बाळ असेल तर थोडा जादा. आणि दुपटी तर सोमवारपुरती नाहीत, ती रोजची पंधरावीस.

आता हेच १९४७ च्या हिवाळ्यात घाला. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ. कोळशाच्या खाणी १ जानेवारीला सरकारी झालेल्या आणि महिन्याभरात कोळसा रेल्वेच्या रुळांवर गोठून बसला. फेब्रुवारीत घरगुती वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद. कारखाने बंद, वीस लाखांहून जास्त लोक घरी. नवरा घरी, चूल थंड, दुपटी दोरीवर टाकली की पत्र्यासारखी कडक, ती आत आणून स्वयंपाकघरात टांगायची, म्हणजे ओल्या कपड्यांच्या खालून वाकून चालायचं, त्यात बाळाला खोकला. आणि हे सगळं संपलं म्हणेपर्यंत बर्फ वितळून पूर. आमच्या इथे नॉटिंगहॅमला ट्रेंट नदीचं पाणी घरांत शिरलं होतं, पुलावर त्या पुराची खूण अजून कोरलेली आहे.

अर्धा_चहा

म्हणून १९४९ च्या मे महिन्यात लंडनमध्ये क्वीन्सवेला पहिलं नाण्यावर चालणारं धुलाई दुकान निघालं तेव्हा गर्दी झाली असणार. वॉशिंग मशीनला आपण काय काय म्हणतो, आळशीपणा आला वगैरे...

मी_पुन्हा_आले

"आपण" नाही, "तुम्ही" म्हणता.

टवाळ_कार्टं

बसला का फटका. जाऊ द्या, गोड बोला, गोळ्या-चॉकलेटांचं रेशन कधी गेलं?

कावेरी_नॉटिंगहॅम

दोनदा! एप्रिल १९४९ ला उठवलं, सगळा देश दुकानांवर तुटून पडला, माल संपला, ऑगस्टमध्ये परत लावलं. कायमचं गेलं ५ फेब्रुवारी १९५३ ला. साखर त्याच वर्षी सप्टेंबरात. जूनमध्ये राणीचा राज्याभिषेक होता म्हणून माणशी एक पौंड साखर जादा मिळाली होती, केक करायला. त्या १९४६ च्या आठवड्यातली पोरं तेव्हा सात वर्षांची, शेजारच्या कोणाकडे टीव्ही असेल त्याच्या घरी वीसवीस जण खुर्च्या घेऊन, पडदे ओढून बसलेले.

गणूचा_बाप

त्या पोरांचं पुढे काय झालं? फुकट दूध, रस, दवाखाना सगळं मिळालं, मग गरिबाचं पोर आणि साहेबाचं पोर सारखं झालं का?

कावेरी_नॉटिंगहॅम

नाही झालं, आणि ते त्याच पाहणीने दाखवलं. अकराव्या वर्षी परीक्षा, त्यावर कोण ग्रामर स्कूलला (निवडक हुशार मुलांच्या शाळेला) जाणार ते ठरायचं. तितकीच हुशार असलेली कामगारांची मुलं मधल्या वर्गाच्या मुलांपेक्षा कमी संख्येने तिथे पोचली. डग्लसने साठच्या दशकात आकड्यांनिशी मांडलं तेव्हा शाळा बदलायच्या वादात ते फार वापरलं गेलं. दुधाने उंची वाढली, शाळेचं दार तेवढंच अरुंद राहिलं.

जुनं_खोड

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे. चालू द्या.

रिटायर्ड_पीडब्ल्यूडी

एप्रिलमध्ये मुलाकडे कॉव्हेंट्रीला येतोय. ते प्रीफॅब घर प्रत्यक्ष आतून बघायला मिळतं का कुठे? सौ.ला म्युझियमचा कंटाळा आहे पण फ्रिज म्हटल्यावर येईल.

बर्मिंगहॅमची_नात

काका, कॉव्हेंट्रीहून गाडीने तासाभरात ब्रॉम्सग्रोव्हला एव्हनक्रॉफ्ट म्हणून जुन्या इमारतींचं खुलं म्युझियम आहे, तिथे एक प्रीफॅब आणून उभं केलंय, आतलं सामान पण त्या काळचं. आणि मूळ जागेवर उभी असलेली बघायची तर बर्मिंगहॅममध्ये मोझलीला वेक ग्रीन रोडवर रांगच आहे, ती आता संरक्षित इमारतींच्या यादीत आहेत. पण ती बाहेरूनच. सुट्टीच्या वेळा बघून या, आणि जेवायला आमच्याकडे. वरण तुरीचं असेल.